विषय क्रमांक सात

महिन्यातून एकदा, दुसऱ्या सोमवारी,
दुकानाचं शटर साडेचारलाच ओढून
मी टोलीडो शहराची कमिशनर होते.
पगार नाही. पार्किंगचा पास मिळतो,
तोही सहानंतर चालत नाही.

अर्धगोल टेबल, सात खुर्च्या,
प्रत्येकीसमोर पितळी पाटी.
माझ्या पाटीवर टिपणीसमध्ये एक पी जास्त पडलाय.
दुरुस्तीचा अर्ज तीन वर्षं
आमच्याच कचेरीत पडून आहे.

शेजारी ग्रुडझिन्स्की, हार्डवेअरवाले,
खिळे मोजून द्यावेत तसे बोलतात.
पलीकडे नजला सब्बाग, कोपरापर्यंत
पहाटेच्या भट्टीचं पीठ.
पेटिफर्ड न्हावी डुलकी काढतात,
पण मतदानाला हात बरोबर वर जातो.
दिवसभर कुणीच टेकलेलं नसतं.
आम्ही इथे येतो ते आधी बसायला,
मग शहराचं बघू.

आजवर फूटपाथवरच्या फळ्यांची उंची ठरवली,
फुलवालीच्या बादल्या दारापासून किती फुटांवर,
आणि कर्जाचा फॉर्म आठ पानांवरून
तीन पानांवर आणला.
त्या पाच पानांसाठी दोन वर्षं भांडलो.
तेवढं एक मी कुणालाही सांगते, न विचारता.

पण मी आले होते मेपल्टन स्ट्रीटसाठी.
गटाराच्या नव्या नळासाठी
चौदा महिने खणणार आहेत.
चौदा महिने गिऱ्हाईक
खड्ड्यावरच्या फळीवरून तोल सावरत
लग्नाचा गाऊन घेऊन येईल,
असं नकाशा काढणाऱ्याला वाटतं.
मी रविवारी दारोदार फिरले,
अकरा दुकानांच्या सह्या आणल्या,
इस्त्रीच्या वाफेसमोर भाषण पाठ केलं.
वाफेला पटलं होतं.

आज सातवा विषय पुकारला
आणि शहराचा वकील, पोरगेलासा,
बाह्या बोटभर लांब,
झुकून म्हणाला, मॅडम,
तुमचं दुकान त्याच रस्त्यावर ना?
हितसंबंध. बाहेर थांबावं लागेल.

बरोबरच होतं त्याचं.
गेल्या वर्षी ग्रुडझिन्स्कींना
हाच नियम मीच वाचून दाखवला होता,
चष्मा लावून, कलमासकट.
त्यांनी आज माझ्याकडे बघितलं नाही.
सह्यांचा कागद टेबलावर ठेवावा की न्यावा
हेही कळेना. नेला.

कॉरिडॉरमध्ये एक बाक, पाण्याचा नळ,
आणि पहारेकरी थॅडियस.
दाराच्या काचेतून तोंडं हलताना दिसत होती,
माझ्याच रस्त्याबद्दल,
आवाजाशिवाय.

थॅडियसच्या कोटाची मधली गुंडी
एका दोऱ्यावर लोंबत होती.
काढा, म्हटलं. पर्समध्ये सुई असतेच.
चार भोकं, दुहेरी दोरा,
शेवटी गुंडीखाली चार वेढे.
गुंडीला जरा मान ठेवावी लागते,
नाहीतर कापड आवळतं.
आत कुणीतरी हसलं. कशावर, कोण जाणे.
मी गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

किती झाले, त्यानं गमतीनं विचारलं.
दोन डॉलर.
तो हसला. मी नाही हसले.
त्यानं खिसे चाचपून सगळी मोड दिली,
मी मोजून घेतली.

मग दार उघडलं.
विषय तहकूब, पुढच्या सभेत.
नजलानं काही न बोलता
माझी खुर्ची मागे ओढली.
विषय आठ, दुकानांच्या छत्र्यांचे रंग.
मी हिरव्याच्या बाजूनं मत दिलं,
का ते आता आठवत नाही.

जाताना थॅडियस म्हणाला,
आतलं अस्तरही उसवलंय, मॅडम.
आणून ठेवा, मी म्हटलं,
दुसऱ्या सोमवारी.
सातव्या विषयाला मी इथेच असेन.