लाभ

आमच्यात एकाला एक म्हणत नाहीत.
पहिलं पोतं काट्यावर चढलं की म्हणायचं, लाभ.
मग दोन, मग तीन.
वसमतच्या हळदीच्या यार्डात
एकवीस वर्षं मी असंच मोजत आलो,
माझ्या आधी माझा चुलता.

ताप पाच दिवसांचा.
सहाव्या दिवशी उतरला, सगळे म्हणले, सुटलास.
मीबी म्हणलं.
डॉक्टरनं कागद उलटासुलटा करून पाहिला,
पेशी भरल्या, छातीचा फोटो साफ,
"काही नाही नागोराव, अंगी लागंल असं खात जा."

लाभ, दोन, तीन, चार
करत करत सतरा.
सतराच्या पुढं एक जागा आहे,
तिथं काहीच नाही.
अंधारसुद्धा नाही.
ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी असती तर
निदान फराटे तरी दिसले असते.
पोतं काट्यावर, मुनीरचा हूक हवेत,
यार्डातली सगळी तोंडं माझ्या तोंडाकडं.
मी म्हणतो, लाभ.
मुनीर हळूच म्हणतो, अठरा, भाऊ.

थकवा मला नवा नव्हता.
पोत्यांचा थकवा पाय धुतले की निम्मा नालीत जायचा,
उरलेला भाकरीसंगं झोपायचा.
हा तसला नाही.
हा माझ्या आधी उठतो,
खाटेच्या कडंला बसून
माझ्या पायात पाय घालतो.
सायकलवर यार्ड अकरा मिनिटं होतं.
आता मारुतीपाशी उतरतो, पारावर टेकतो,
आणि टेकल्यावर आठवावं लागतं
जायचं होतं कुठं, का आलो कुठून.

मुनीमजी म्हणले, सोंग आहे.
सोंगाला तरी पाठांतर लागतं, मुनीमजी.

परवा चंद्रकलेला म्हणलं, ते दे गं,
ते, ज्यानं दार...
हातानं फिरवून दाखवलं.
पहिल्यांदा हसली होती अशी वेळ आल्यावर,
मधी काही दिवस चिडायची.
आता मी तोंड उघडायच्या आत
कुलूप, पंचा, चष्मा, सगळं हातात येतं.
याचंच लई वाईट वाटतं.

हळदीचा वासही गेला.
एकवीस वर्षं ती नाकाला पदर लावून
माझे कपडे भिजवायची,
पिवळं पाणी नालीतून शेजारच्यांच्या दारात.
सदरा नाकाशी धरतो, कोरा कापूस.
येतो का गं वास, विचारतो.
येतो की, म्हणती.
म्हणजे आज कामावर गेलतो तर.

मग मी एक युगत केली.
डाव्या खिशात हळकुंडं भरली.
एक पोतं चढलं, एक हळकुंड उजव्या खिशात.
तोंडानं चुकलं तरी खिसा चुकायचा नाही.
दोन दिवस जमलं.
तिसऱ्या दिवशी दुपारी पोत्याला टेकून डोळा लागला,
उठलो तर दोन्ही खिसे भरलेले,
आणि डावा कोणता, मोजलेला कोणता,
हे विचारायला माणूसच नाही.
मुनीर हसला. मीबी हसलो, खरंच हसलो,
हसून इतका दमलो की
शेटनं टमटम बोलावून घरी धाडलं.

रात्री चंद्रकला खिसे उलटे करती.
धुण्याआधी करावेच लागतात.
ताटलीत हळकुंडं टाकती, एकेक,
आवाज येतो पत्र्यावर.
यार्डात ती कधी आली नाही,
काटा तिनं पाहिलेला नाही.
तरी पहिल्या हळकुंडाला एक म्हणत नाही.
लाभ, म्हणती. मग दोन.

मी खाटेवर आडवा, ऐकतो.
सातपर्यंत ऐकल्याचं आठवतं.