नावाची पट्टी

माझ्या पांढऱ्या कोटावर लिहिलंय: एस. हॉपकिन्स, फार्मसिस्ट.
नवऱ्याचं आडनाव.
चेहरा म्हणाल तर गुजराती, पंजाबी, मॉरिशसचा, काहीही.
म्हणून तर कॉव्हेंट्रीहून तुम्ही
बारा मैल रग्बीला येता,
घराखाली औषधाचं दुकान असताना.

काउंटरपाशी तुमची कुजबुज चालते:
"तू हो ना पुढे."
"आणि नाव मोठ्यानं पुकारलं तर?"
मी पुकारत नाही.
लेबल आतल्या बाजूला करून पिशवी देते,
इंग्रजीत सांगते: रोज एकच, जेवणानंतर,
सुरुवातीला मळमळेल, मनानं बंद करू नका.
मराठीत सांगता आलं असतं.
पण मग पुढच्या महिन्यात तुम्ही लेस्टर गाठलं असतंत.

माझी आत्या बडोद्याला असायची.
निदान आम्ही तसं सांगायचो.
रत्नागिरीत शाळेच्या वाटेवर एक लांबलचक भिंत होती,
तिच्याशी सायकली हळू करून पोरं ओरडायची,
"हिला आत घ्या रे!"
आणि मी हसायचे, सगळ्यांत मोठ्यानं.
भिंतीपलीकडे आत्या नऊ वर्षं होती.
दिवाळीत आई फराळाचे डबे भरायची,
प्रत्येकावर चिठ्ठी: काकू, मावशी, समोरचे.
एका डब्यावर काहीच नसायचं.

माझं माहेरचं नाव मंडळाला कुठून कळलं देव जाणे.
खानोलकर बाईंचा फोन आला:
"संक्रांतीला वीस मिनिटं बोलाल? मनाच्या आरोग्यावर.
फार जड नको हं, नंतर तंबोला आहे."

शाळेचा हॉल. रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे.
हलव्याचा मुकुट ओढून काढणारं एक बाळ.
मी माईक धरला, म्हटलं,
"नमस्कार. मी सई, मूळची रत्नागिरीची,"
आणि तिसऱ्या रांगेत एका गृहस्थांचा लाडू
तोंडापाशी जाता जाता थांबला.
मग खिडकीजवळची बाई.
मग दारापाशी ते दोघे नवराबायको.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजले:
अकरा.
अकरा माणसं एकाच हॉलमध्ये,
आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे पांढरे पडलोय.

मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलले.
आकडेवारी आणली होती, ती पर्समध्येच राहिली.
म्हटलं, क्रिकेटचं वेड, नाटकाचं वेड, नातवाचं वेड,
किती लाडानं म्हणतो आपण;
आणि खरंच कुणाचं मन आजारी पडलं
की तोच शब्द धोंड्यासारखा उचलतो.
आत्याचं नाव सांगितलं: कुमुदिनी.
आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे,
इथे स्पीकरमधून घुमलं, जरा खरखरत.
म्हटलं, धाकटा झाल्यापासून मीही एक गोळी घेते,
सकाळी, चहाबरोबर.

पहिल्या रांगेतून भागवत उठले, मफलर सारखा करत:
"पण आपल्या वेळी हे असलं काही नव्हतं."
"होतं," मी म्हटलं. "बडोद्याला होतं."

कुणी हसलं नाही.
रेडिएटर तेवढा टकटकत राहिला.
मग मागून एक म्हातारा, बाईचा आवाज,
कुणाला उद्देशून नव्हे:
"आमच्याकडे काशीला होतं."
आणखी कुणी: "आमचा दादा दुबईला."
भागवत बसले. बऱ्याच वेळानं,
मफलरकडे बघत म्हणाले,
"हैदराबाद."

तंबोला झाला, उशिरा. पहिलं हाउस खानोलकर बाईंनाच लागलं.

अकरातले तिघे आता लेस्टरला जातात.
जाऊ देत, औषध घेतायत ना.
तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मात्र मंगळवारी आले,
पट्टी वाचली, माझ्याकडे पाहिलं,
चार वर्षं पाठ असलेला प्रश्न विचारला,
हळूच, पण मराठीत:
"जेवणाआधी की नंतर?"
"नंतर," मी म्हटलं.
"आणि जेवताय ना वेळेवर?"