सत्तेचाळिसावं गाव

माद्रिदहून कुरियरनं पेन ड्राइव्ह आला.
त्यात एक चेहरा, एक हसू,
खाली रिकामी चौकट : इथे गावाचं नाव घाला.
हेच हसू सेव्हियाला, हेच सारागोसाला,
मागे आभाळ, कुठलंही चालेल असं.
पैसे आगाऊ. पावती तीन प्रतींत.

ब्राइस मात्र स्वतः आला, माझा आतेभाऊ,
गमबुटांना खाडीचा चिखल तसाच.
त्याच्या पक्षाचं जग एवढंच :
गालिसियाच्या चार खाड्या, मागचे डोंगर
आणि आत्या बँकेत शिरताना
पदरच्या चिल्लरीसारखी लपवायची ती भाषा.
पत्रकात तो शिनाण्यांचा भाव लिहितो,
बंद पडलेली दुपारची बस लिहितो,
तिच्या ड्रायव्हरच्या नावासकट.
मागच्या खेपेचं बिल?
"निवडून आलो की."
मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होता.

माद्रिदच्या यादीत आमचं गाव सत्तेचाळिसावं,
आणि नावातलं एक अक्षर त्यांच्या जिभेचं.
फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली :
"यादी मंजूर झालीये, साबेलाबाई.
बदलायचं तर वर विचारावं लागेल."
वर म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू,
बाबांची पेन्शन त्याच वरून येते.
वादळात तराफे सुटले त्या रात्री
हेलिकॉप्टरही वरूनच आलं.
ब्राइसच्या पक्षाकडे एक व्हॅन होती,
तीही ढकलायला आम्हीच.
पण एकदा सरकार एका मतावर अडलं,
आणि त्यांच्या एकुलत्या खासदाराला
मंत्री स्वतः कॉफी ओतून देऊ लागले.
तो आमच्यासाठी बोगदा घेऊन परतला.
स्वतःसाठी तिकडचे बूट,
आणि "प्रक्रिया सुरू आहे" हे वाक्य.

यंत्राला काय,
ते दोघांसाठीही तसंच खडखडतं.
निळी शाई संपली की
देश थांबतो, मुलूखही थांबतो,
आणि मी गोदामात जाते, शिव्या देत.

काल रात्री ते अक्षर मीच बदललं.
सहाशे प्रती. वर न विचारता.

सकाळी ब्राइस मासळीबाजाराच्या भिंतीपुढे उभा,
विरोधकाच्या हसऱ्या चेहऱ्याखाली
आपल्या गावाचं नाव अचूक वाचत,
कानापर्यंत लाल :
"आता मी सभेत काय बोलू?"

"शिनाण्यांचा भाव बोल," मी म्हटलं.
"बसचं बोल.
आणि माझं बिल."