साडेबारा टक्के

कोपरखैरण्यात, झेरॉक्सच्या बाजूच्या गाळ्यात
जयदास भोईरनं काचेवर पाच इअरफोन मांडले,
बोंबील मांडावेत तसे, तोंडं एकीकडे.
"गाणी कुठली?"

भावाच्या बेंजो पार्टीची. तळवलीतली हळद.
कार्डात जागा नव्हती, म्हणून भाच्यानं
दाबून दाबून बसवलेली,
एकशे अठ्ठावीसची. काही तर चौसष्टची.

दोन हजारवाला आधी घातला.
झांजेचा भुसा. टाळ्या पाण्याखालच्या.
तार वर चढली की फाटते.
"चांगला इअरफोन म्हंजे चुगलखोर शेजारीन,
काय नाय तेच पयलं सांगनार."

कानाला कळणार नाही ते
मशीन आधीच काढून टाकतं, म्हणाला.
दहातला एक भाग ठेवतं.
"म्हंजे साडेबारा टक्केपन नाय!"
हसलो दोघंही.
दोघांचे बाप एकाच रांगेत उभे होते,
भातशेतीचे कागद पिशवीत घेऊन.

साडेचारशेचा घेतला.
बास गुबगुबीत, वरच्या सुरांवर साय धरणारा.
त्यात हळद पुन्हा हळदीसारखी वाजली,
बायका नाचायला उठल्या.

सुटे मोजता मोजता
तो महागडा परत मागितला. तिसरं गाणं, अगदी सुरुवात:
हसुराम "थांब, थांब" म्हणतो,
खुंटी पिळतो,
आणि नाकातून श्वास घेतो.
साडेचारशेत हा श्वास नव्हता.

जयदासनं खोका मिटला नाही.
"बाजूला ठेवतो," म्हणाला, "पगाराला या."