कुणी उठवलं

बिजागरी मोडल्यापासून झाकण लागत नाही,
म्हणून रात्री तो तसाच उघडा निजतो,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मेणकापडावर.
सकाळी सहाला हात लावला तर अंग गरम.
पंखा फुरफुरतोय, बटणातला दिवा पांढरा,
पडदा काळा.

काळा म्हणजे बंद नव्हे.
बंद पडदा खोलीइतकाच काळा असतो.
हा किंचित उजळ काळा,
कोळशाच्या वखारीत मागे कुठे तरी
कंदील विसरल्यासारखा.

कॅप्स लॉकची कळ तीनदा दाबली.
ठिपका पेटेना.
आत बेकरीचा नोव्हेंबरचा हिशोब,
काळ्या पावाचा, अर्धा जतन केलेला, अर्धा माझ्या भरवशावर.

झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
जागेपणाचं सोंग घेतलेल्याला
निजवायचं कसं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.
बटण दाबून धरते. दहापर्यंत मोजते.
नऊला जातो.

अशा अकरा सकाळी. वहीत तारखा आहेत,
मी हिशोबनीस आहे, तारखा लिहिल्याशिवाय मला राग येत नाही.

भाचा रिमवीदस कौनासहून फोनवर म्हणाला,
मावशी, यंत्रालाच विचार.
एक ओळ टाइप करायची:
तुला शेवटचं कुणी उठवलं?
लॅपटॉप उत्तर देतो, खोटं बोलत नाही,
पण पहिल्यांदा म्हणाला, अज्ञात.
दुसऱ्यांदा म्हणाला, माउस.

माउस! रात्री कोण हलवणार त्याला?
घरात मी आणि विद्मांतस,
आणि विद्मांतसने कॉम्प्युटरला उभ्या जन्मात बोट लावलेलं नाही.

मग एक रात्र जागून काढली,
त्याचा क्रेनवरचा जुना कोट पांघरून, दिवा न लावता.
तीन वाजून सात मिनिटांनी बंदरातून मालगाडी निघाली,
खतानं भरलेली, लांबच लांब.
कपातला चमचा किणकिणला.
मेणकापडावर माउस केसभर सरकला,
पोटाखाली लाल उजेड,
आणि लॅपटॉप उठला.
अंग उठलं. डोळे उठलेच नाहीत.
म्हणजे चुका दोन: एक गाडीची,
एक चित्र दाखवणाऱ्या ड्रायव्हरची.
मी वहीत दोन रकाने आखत होते

तेवढ्यात तो आला, अनवाणी.
मी कोपऱ्यात आहे हे त्याला दिसलं नाही.
त्या उजळ काळ्याच्या उजेडात
त्यानं बरोबर पेला काढला, बरोबर नळ सोडला,
खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला
आणि प्यायला.

एकतीस वर्षं रात्रपाळी. निवृत्त होऊन चार.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कशानं जाग येते?
तो म्हणाला होता, कशानं नाही, येते.
त्याच्या आत कुठली ओळ टाइप करायची?

मी खोकले. तो दचकला नाही.
म्हणाला, तू हा माझ्यासाठी ठेवतेस ना चालू?
दिवा लावला की झोप पार उडते,
याच्या उजेडात ती जवळपास राहते.

मी हो म्हणाले.
इतक्या वर्षांत त्याला सांगितलेल्या खोट्यांत
हे सगळ्यात स्वस्तात पडलं.

रिमवीदसनं सांगितलेल्या खिडकीत
‘या उपकरणाला उठवण्याची परवानगी’
समोर बरोबरची खूण होती.
ती काढायची होती.
बोट वर ठेवून थोडा वेळ बसले,
मग खिडकी बंद केली. ड्रायव्हर तेवढा नवा घातला.

आता तीन वाजून सात मिनिटांनी
पडदा नीट उजळतो:
कुलपाचं चित्र, खाडीपलीकडचे वाळूचे डोंगर, त्यावर ठळक वेळ.
मी पलंगावरून नळाचा आवाज ऐकते.
कुणी कळ दाबली नाही
तर दोन मिनिटांत लॅपटॉप आपला आपण परत निजतो.

विद्मांतसला जरा जास्त लागतात.
वहीत ते लिहीत नाही.