सुतळी

सापडली ती पट्टा काढताना,
रविवारी, अंघोळ घालायच्या वेळी.
फेसात बोट अडलं.
जबड्याखाली, डावीकडे,
काबुली चण्याएवढं काहीतरी.
दाबलं तर सरकलं.
मिरीनं मान वळवून पाहिलं,
काय शोधतोस, असं.

हौसाला लगेच बोललो नाही.
संध्याकाळी परत हात लावला.
होतीच.

चाळीस वर्षं पोती उचलली,
आधी मशीद बंदर, मग वाशीचा मसाला बाजार.
धणे की जिरं, पोत्याच्या कुशीला हात लावून सांगायचो.
ओल धरलेली मिरची नाकाआधी पाठीला कळायची.
हे मात्र कळेना.
पंधरा दिवसांत चण्याची सुपारी झाली,
मग बरेच दिवस सुपारीच राहिली.

कोपरखैरण्याच्या नाक्यावर रिक्षावाला म्हणाला,
कुत्रं नको.
मग वाकून तिचं पांढरं तोंड बघितलं,
म्हणाला, म्हातारी आहे होय, बसा.

डॉक्टरीणबाईंचं आडनाव मुकादम.
मला हसू आलं.
जन्मभर मुकादम दाखवेल ते पोतं उचललं,
निवृत्तीनंतर पुन्हा मुकादमच.
बाईंनी सुई घातली, काचेवर थेंब पसरला.
मिरी माझा अंगठा चाटत राहिली,
जणू मलाच टोचलं होतं.

रिपोर्ट नऊ दिवसांनी आला.
पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, असं काहीतरी.
म्हणजे आहे असंही नाही,
नाही असंही नाही.
बाई म्हणाल्या, कापून काढता येईल,
पण तेरा वर्षांची आहे, हृदयात आवाज आहे,
भूल सोसेल का, सांगता येत नाही.
नाहीतर थांबू. दर आठवड्याला मोजा.
वाढली तर त्याच दिवशी या.

तुमची असती तर? मी विचारलं.
त्यांनी हातमोजे काढले,
बराच वेळ हात धुतले.
मोजली असती, म्हणाल्या.

टेप कुठला घरात.
पोत्याची सुतळी आहे, पत्र्याच्या डब्यात.
ती फिरवतो गाठीभोवती,
टोक जुळतं तिथं गाठ मारतो.
गाठ मोजायला गाठ.
आपल्याकडं शब्दांची एवढी टंचाई का?
माणूस भेटला तरी गाठ,
पदराला चार पैसे बांधले तरी गाठ,
आणि हिच्या गळ्यात आहे तीही.

माझ्या मानेमागंही आहे एक.
गादीसारखी. बाजारातल्या सगळ्यांनाच असते,
शंभर शंभर किलो बसून बसून.
नातू लहानपणी तिच्यावरून गाडी चालवायचा,
म्हणायचा, घाट आला.
तिचं कारण मला पोत्यागणिक पाठ आहे.

पण तू काय वाहिलंस ग, मिरी?
काळ्या मिरीच्या थप्पीखाली सापडलीस,
डोळे न उघडलेली, मुठीएवढी.
तेव्हापासून फक्त माझी चप्पल उचललीस
आणि ट्रक उशिरा आला त्या प्रत्येक रात्री
जिन्यात बसून राहिलीस.
वाट बघण्याचं वजन कुणी केलेलं नाही.
दवाखान्याच्या काट्यावर अठरा किलो भरलीस,
तेवढंच लिहून घेतलं त्यांनी.

हौसा म्हणते, सारखं चाचपू नका, तिला कळतं.
म्हणून आधी कान खाजवतो,
मग सहज गेल्यासारखा हात खाली.
ती डोळे मिटून गळा वर करते,
तिला वाटतं, लाड.
आणि अर्धे ते असतातही.

पाच रविवार झाले.
चौथी आणि पाचवी गाठ एकमेकींवर बसल्या.
की मीच सुतळी जास्त ताणली?
उलगडून पुन्हा मोजायचा धीर झाला नाही.

पट्टा एक भोक सैल केलाय.
जिना उतरताना ती एकेक पायरी घेते,
शेवटच्या पायरीवर थांबते,
मागं बघते.
माझेही गुडघे, काय सांगू.
येतो, म्हणतो,
थांब.