ओझं नको

सांगलीत हळद अंगातून जात नाही.
मार्केट यार्डातल्या यल्लाप्पा ऐवळेंची मांडी
मी स्पिरिटनं तीनदा पुसली,
कापूस तिन्ही वेळा पिवळाच.
तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस.
जांघेतल्या शिरेतून नळी वर गेली,
काळजाची भरकटलेली धडधड जाळून आली,
आता त्या दाभणाएवढ्या भोकावर
माझी वाळूची पिशवी, किलोभराची.

"एवढंसंच पोतं?" म्हणाले, आणि हसले.
हसू नका, काका.
हसायचंच असेल तर आधी तिथं हात ठेवा.
खोकतानाही. शिंकतानाही.
पाय सरळ. मान उचलायची नाही.
लघवी इथंच, भांड्यात.
"पोरीसमोर?"
पोरगी नाही, सिस्टर आहे, म्हटलं
आणि पडदा ओढून पाठ केली.

पंधरा मिनिटांनी, परत पंधरा मिनिटांनी,
मग अर्ध्या तासानं
पट्टी बघायची, भोवती बोटं फिरवायची,
मऊ आहे की आत काही गाठ धरतंय,
मग पावलावर यायचं, नाडी शोधायची.
टाचेच्या भेगांतही हळद.
तक्त्यावर लिहायचं: पाय गरम.

नवीन होते तेव्हा मी नुसती पट्टी बघायचे.
भोरे सिस्टर ओरडायच्या,
अगं, रक्त उताराला जातं, मांडीखाली हात घाल!
रात्री दोनला पट्टी कोरडी होती.
मांडीखाली हात घातला
आणि हातमोजा उबदार झाला.

शिरेला धमनीसारखं वरून दाबत नाहीत,
जरा खालून,
रग लावायची नाही,
पाऊल पांढरं पडता कामा नये.
आणि थांबलं का म्हणून
बोट उचलून बघायचं नाही.
डॉक्टर आले, वाकले, म्हणाले,
धरून ठेवा, वीस मिनिटं.

भागव्वानं पदराची गाठ सोडली. पुडी.
"आमच्या सौद्यातली हाय, भेसळ न्हाई.
दाबा की, झटक्यात थांबतंय."
माझे दोन्ही हात गुंतलेले. मान हलवली.
तिनं पुडी परत बांधली, जरा घट्टच.
माझ्या आईनंही हेच केलं असतं.
माझ्या गुडघ्यावर केलंय.

यल्लाप्पा छताकडं बघत पोती मोजत होते.
एकला एक म्हणत नाहीत यार्डात.
लाभ, दोन, तीन…
एकशे चाळीसला मी बोट उचललं.
चादर बदलली.
सुजेच्या कडेनं निळ्या पेनानं रेघ ओढली.
उजाडलं तरी सूज रेघेच्या आतच होती.

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना सांगितलं,
आठ दिवस ओझं नको.
"पोत्यावर पैसं मिळत्यात, सिस्टर," म्हणाले,
पुढं काही बोलले नाहीत.
मुकादमासाठी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
भागव्वानं तो पुडीभोवती गुंडाळून कमरेला खोचला.

डाग आधी निळा होईल, मी तिला म्हणाले,
रेघेबाहेर गेला, पाय सुजला, तर लगेच या.
पाच-सहा दिवसांनी पिवळा पडेल.
पिवळा पडला की बरं होतंय समजायचं.

ती माझ्याकडं बघत राहिली.
"म्हंजे हळदच की," म्हणाली.

ड्यूटी सुटल्यावर स्कूटीचा ब्रेक
मला त्या दोन बोटांनी धरवेना.